सासूबाईंची परीक्षा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सहकारी संस्थेच्या प्रमुख, माननीय डोन्या एर्मिनिया रेकाल्दे; व्यासपीठावर एकमेकांना खेटून बसलेले आपले दोन संस्थापक, डॉन एलिहियो वायेहोस आणि डॉन विल्फ्रिदो इन्स्फ्रान; आज जिला निरोप द्यायचा ती आपली निमिया काबान्यास; असुन्सिओनहून आणि त्याहूनही लांबून, बसचे धक्के खात सान लोरेन्सोला आलेले सभासद; सहकारी, त्यांचे घरचे लोक, आणि खुर्च्यांचा मोह सोडून मागे पंख्याखाली उभे राहिलेले शहाणे श्रोते, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाला उभं केलं ते माझ्या वक्तृत्वासाठी नव्हे. एलिहियोला सांगितलं असतं तर विल्फ्रिदो रुसला असता, आणि विल्फ्रिदोला सांगितलं असतं तर एलिहियोने ‘मी रुसलो नाही’ असं सगळ्यांना सांगत फिरायला सुरुवात केली असती. म्हणून मधली मी, सुनिल्दा. ऑफिसात माझं टेबलसुद्धा त्या दोघांच्या मधेच आहे. तिथून मी जे पाहिलं ते सांगते.

आपलं काम काय, हे सभासदांना ठाऊक आहे. घरच्या मंडळींना मात्र बरेचदा ठाऊक नसतं. माझ्या नवऱ्याची अजून समजूत आहे की आम्ही प्रिंटर दुरुस्त करतो. तर, गावोगावच्या आरोग्य केंद्रांत कोणतं औषध किती आहे, कुठल्या लसीची मुदत कधी संपते, कुणाला काय द्यायचं राहिलं आहे, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर आपण लिहितो. ते सगळ्यांना खुलं आहे. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं.

ते सुरू केलं या दोघांनी, एलिहियोच्या मावशीच्या ओसरीवर. तेव्हा ही दोघं इतकी जिवलग होती की मावशी वैतागून म्हणायची, एकाला जेवायला बोलावलं तर भात दोघांचा टाकावा लागतो. त्या ओसरीवर त्यांनी एक गोष्ट ठरवली. प्रोग्राममधली नावं ग्वारानीत द्यायची. औषधाचं नाव, लाल खुणेचं नाव, मुदतीचं नाव, सगळं घरच्या भाषेत. का? तर उद्या खेड्यातल्या एखाद्या मुलीने हे उघडून बघितलं, तर तिला आपल्या स्वयंपाकघरातले शब्द दिसावेत. त्या वेळी पुष्कळांनी नाकं मुरडली. यांनी ऐकलं नाही.

आणि अशी ही दोघं भांडली कशावरून? महिरपी कंसावरून.

हसा, हसायला हरकत नाही. आम्हीही सुरुवातीला हसलो होतो. प्रोग्राम लिहिताना सूचनांचा एक गट महिरपी कंसात टाकतात. तो कंस वरच्याच ओळीच्या शेवटी उघडायचा, की खाली स्वतंत्र ओळीवर? यंत्राला दोन्ही सारखंच. वाचणाऱ्या माणसाला नसतं. एलिहियोचं म्हणणं, कंसाला स्वतःची ओळ हवी, म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो. विल्फ्रिदोचं म्हणणं, एका कंसाला आख्खी ओळ देणं म्हणजे एकट्या माणसाने बसमधलं तिघांचं बाकडं अडवून झोपणं. एलिहियो सकाळी येऊन कंस खाली उतरवायचा, विल्फ्रिदो दुपारी ते वर चढवायचा. बरं, नुसतं कंसावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. मोकळ्या जागा किती सोडायच्या, ओळ कुठे मोडायची, स्वल्पविरामानंतर श्वास घ्यायचा की नाही, प्रत्येक बाबतीत दोन पक्ष झाले. आणि मग एके दिवशी ऑफिसात तेरेरेचे, सगळ्यांनी एका भांड्यातून एकाच नळीने प्यायच्या त्या गार चहाचे, दोन जग दिसले.

इथल्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. एका ऑफिसात तेरेरेचे दोन जग, दोन भांडी, दोन नळ्या. कुणाकडून घोट घेता यावरून तुमचा पक्ष ठरायचा. मी दोन्हीकडचा प्यायले. पोट बिघडलं, पण तटस्थता टिकली.

हे सगळं चेष्टेवारी गेलं असतं. पण एक दिवस दूर चाकोतल्या एका आरोग्य केंद्रातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणूनच मला धडकी भरली. त्यांनी विचारलं की बाटलीवर लसीची मुदत संपल्याचं छापलंय आणि तुमच्या पडद्यावर ती अजून हिरवी दिसते, तर मी कुणाचं ऐकू? त्यांनी बाटलीचं ऐकलं होतं. कुणाला काही झालं नाही. पण आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की कंसांच्या त्या रोजच्या चढउतारात, शेकड्यांनी हललेल्या ओळींमध्ये, मुदत तपासणारी एक ओळ खरोखरच पुसली गेली होती. नुसतीच सरकासरकी समजून कुणी नीट वाचलंच नव्हतं. कुणी पुसली? एलिहियोने विल्फ्रिदोकडे बोट दाखवलं, विल्फ्रिदोने एलिहियोकडे.

डोन्या एर्मिनिया तेव्हा जे बोलल्या त्यातलं सभ्य तेवढं सांगते. त्या म्हणाल्या, यापुढे कसं लिहायचं हे यंत्र सांगेल. लिहिलेलं तपासणारं, चूक दाखवणारं आणि ती आपोआप दुरुस्त करणारं साधन बसवायचं. सभासदांच्या सभेपर्यंत ते चालू झालं तर ठीक, नाहीतर प्रकल्पाचे दोन तुकडे करू आणि ज्याने त्याने आपला घेऊन जावं. आम्हाला वाटलं, ही नुसती धमकी आहे. पण त्या दोघांनी वाटणीला मुकाट मान हलवली. मी मधे बसले होते. मला दोघांचे चेहरे दिसत होते. रागाने भांडणारी माणसं परवडली हो. ही दोघं दमलेली दिसत होती.

निमिया आली ती या अशा घरात.

ती आली लानूसहून, म्हणजे ब्वेनोस आयरेसच्या कडेहून. आईवडील इथले, काआसापाचे. पोटासाठी तिकडे गेलेले. तिकडच्या शाळेत पोरीला बोलण्यावरून चिडवतील, म्हणून त्यांनी घरात ग्वारानी बंद केली. नवराबायको दाराआड आपसात बोलायची आणि लेक आत आली की गप्प व्हायची. त्यामुळे निमियाला ग्वारानी येत होती ती दाराबाहेरून ऐकू येईल एवढीच. पहिल्या दिवशी तिने आमच्या प्रोग्राममधली नावं पाहिली आणि मला हळूच विचारलं, हे शब्द टायपिंगच्या चुका आहेत का? मी तिला सांगितलं, बाई, हे एलिहियोसमोर विचारू नकोस. आणि विल्फ्रिदोसमोर तर मुळीच नको.

तिचं काम एकच होतं. ते तपासनीस यंत्र बसवण्याआधी त्याचीच परीक्षा घ्यायची. त्या यंत्राचं अधिकृत नाव काय होतं कोण जाणे. पहिल्या दिवशी निमियाने ते चालवलं तर त्याने जवळजवळ प्रत्येक ओळीला नाव ठेवलं. इथे जागा जास्त, तिथे कमी, हे लांब, ते आखूड, हे असं आमच्याकडे चालत नाही. दुपारपर्यंत सगळं ऑफिस त्याला सासूबाई म्हणू लागलं. विल्फ्रिदोच्या सासूबाई सभागृहात बसल्या आहेत, त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. नाव त्यांच्या जावयानेच ठेवलं, ही केवळ माहिती म्हणून देते.

निमियाची परीक्षा घ्यायची पद्धत साधी होती. तिने दोन गठ्ठे केले, एक गुन्हेगारांचा, एक निरपराधांचा. मुद्दाम वाईट लिहिलेले तुकडे सासूबाईंनी पकडले पाहिजेत, आणि नीट लिहिलेल्या तुकड्यांपुढे त्यांनी गप्प बसलं पाहिजे. तिचं म्हणणं, चोर पकडणं त्या मानाने सोपं असतं, पण सभ्य माणसाची झडती घेणारा पोलीस आला की लोक दोन दिवसांत त्याच्याकडे पाठ फिरवतात. वाईट नमुने हवेत म्हणून तिने आम्हा सगळ्यांना जितकं गचाळ लिहिता येईल तितकं लिहून द्यायला सांगितलं. मंडळी, इतक्या उत्साहाने काम झालेलं मी या संस्थेत त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. हिशेब पाहणाऱ्या आमच्या बाई, ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यासुद्धा म्हणाल्या, मला बसू द्या, माझ्याइतकं वाईट कुणाला जमणार नाही.

इकडे दोन्ही पक्षांनी निमियाकडे वशिला लावायला सुरुवात केली. एलिहियो गरम चिपा, आपला चीजचा पाव, आणायचा आणि सहज विचारायचा, कंसाचं काय ठरतंय? विल्फ्रिदो तिला पुदिना घातलेला थंडगार तेरेरे द्यायचा आणि सहज विचारायचा, कंसाचं काही ठरलं? तिने चिपा खाल्ला, तेरेरे प्यायली आणि दोघांना एकच उत्तर दिलं की अजून ठरलेलं नाही, उद्या या. मग तिने दोघांकडे, वेगवेगळं बोलावून, निरपराधांच्या गठ्ठ्यासाठी एक नमुना मागितला. सगळ्या प्रकल्पातला सर्वांत देखणा तुकडा द्या, म्हणाली. दोघांनी एकच तुकडा दिला. मुदत संपलेल्या औषधाला लाल खूण करणारा, ओसरीवरच्या दिवसांत दोघांनी मिळून लिहिलेला. निमियाने हे फक्त मला सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी त्या दोघांना सोडून सगळ्यांना सांगितलं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत सासूबाई वळणावर आल्या होत्या. वाईटाला वाईट म्हणत होत्या, चांगल्याला त्रास देत नव्हत्या. एकदोन ठिकाणी उगाच कुरकुर करायच्या, पण तेवढं घरात चालतं. राहिली होती ती आपोआप दुरुस्ती. डोन्या एर्मिनियांना खरं तर तीच हवी होती. एक बटण दाबायचं, सगळे कंस एका रांगेत, आणि भांडण कायमचं मिटलं. निमियाने प्रोग्रामची वेगळी प्रत घेतली, तिच्यावर दुरुस्ती चालवली आणि मग प्रोग्राम आधी कसा चालत होता आणि आता कसा चालतो, ते शेजारीशेजारी लावून पाहिलं. नुसतं रूप बदललं असेल तर काम तसंच राहिलं पाहिजे.

ते राहिलं नव्हतं. मुदत संपलेली गोवराची लस लाल व्हायची सोडून नवजात बाळांच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त घ्यायच्या यादीत जाऊन बसली होती.

निमियाने पुन्हा चालवलं. पुन्हा लस टाचेच्या यादीत. तिला कारण सापडेना. ती उठून डोन्या एर्मिनियांकडे गेली आणि उद्या हे बसवता येणार नाही म्हणाली. बाई कडाडल्या. सभासद बसमध्ये बसलेत, दोघं वाटणीचे कागद घेऊन तयार आहेत, आणि तू मला आज सांगतेस? बाईंपुढे इथे भलेभले चाचरतात, आणि ही तर अजून नोकरीत पक्कीसुद्धा झाली नव्हती. ती म्हणाली,

"हे यंत्र काय करतंय ते मला समजलेलं नाही. समजेपर्यंत मी त्याला कुणाच्या औषधाजवळ जाऊ देणार नाही. तुम्हाला दुसरं कुणी नेमायचं असेल तर नेमा."

आणि परत येऊन तिने एलिहियोला हाक मारली, विल्फ्रिदोला हाक मारली. दोघं तिच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. पडद्यावर तोच ओसरीवरचा तुकडा होता. दोघंही वाचत गेले आणि एकाच ठिकाणी दोघांनी पडद्यावर बोट ठेवलं.

झालं होतं असं. लाल रंगाला आपण म्हणतो पीताँ. टाचेला म्हणतो पीता. फरक एवढाच की लाल नाकातून म्हणायचा, आणि लिहिताना शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर छोटी नागमोडी रेघ द्यायची. सासूबाईंना ती रेघ म्हणजे कचरा वाटला. त्यांनी सगळी डोकी पुसून साफ केली. लाल आणि टाच एकच झाले, आणि यंत्राच्या दृष्टीने त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

"पण दोन्ही एकच तर शब्द आहेत," निमिया म्हणाली.

"एक कसे?" एलिहियो म्हणाला. "ऐक. पीता. पीताँ."

"हो. एकच."

"थांब, तू भलत्याच घाईत म्हणतोस," विल्फ्रिदो म्हणाला. कित्येक महिन्यांत तो एलिहियोशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. "निमिया, सर्दी झाली आहे असं समज. नाक चोंदलंय. आता म्हण."

"अरे, नाक चोंदलं तर उलटं होईल," एलिहियो म्हणाला. "नाक मोकळं लागतं. बोट लावून बघ, नाकाच्या शेंड्याला. थरथर लागली की लाल, नाही लागली की टाच."

मग मंडळी, मी जे पाहिलं ते असं: आपल्या संस्थेचे दोन माननीय संस्थापक नाकाला बोटं लावून, एकमेकांकडे तोंड करून, लाल-टाच, लाल-टाच म्हणताहेत, आणि मधे खुर्चीवर लानूसची मुलगी दोघांच्या नाकांकडे आळीपाळीने बघते आहे. ती म्हणायची ते दर वेळी टाचच निघायचं. विल्फ्रिदोने तिला गाईसारखं हंबरून दाखवलं. एलिहियो म्हणाला, ही काआसापाची नव्हे, ही तुझ्या सासुरवाडीची ग्वारानी आहे. आणि विल्फ्रिदो हसला. आधी तो हसला, मग हा हसला, आणि मग दोघांना थांबताच येईना. एलिहियोने डोळे पुसायला रुमाल काढला तो बराच वेळ खाली केला नाही. मी माझ्या पडद्यात डोकं घातलं. कुणाचंही काम नव्हतं तिथे बघायचं.

नावांना हात लावायचा नाही, काही खटकलं तर फक्त सांगायचं, हा नियम तिघांनी मिळून त्याच दुपारी घातला. पुसलेली ओळ परत आली होती, पण ती पुन्हा कधी गायब झाली तर सासूबाईंच्या आधी निमियाची परीक्षाच बोंब ठोकेल, अशी सोय तिने केली. आणि मग राहिला कंस.

एलिहियो म्हणाला, विल्फ्रिदो म्हणतो तसा वर ठेव. विल्फ्रिदो म्हणाला, छे, एलिहियोचं बरोबर आहे, खाली घे. एलिहियो म्हणाला, मी सांगतोय ना, वर. विल्फ्रिदोचा आवाज चढला, मला तुझे उपकार नकोत, खाली. नुकतीच जुळलेली दोस्ती पुन्हा त्याच कंसावर फुटायला आली, फक्त उलट्या दिशेने. निमियाने दोघांचं ऐकून घेतलं आणि कंस खालच्या ओळीवर, पण थोडा आत सरकवून ठेवला. असं जगात फार थोडे लोक लिहितात, आणि ते दोघांनाही सारखंच असह्य झालं.

दुसऱ्या दिवशी सभेत वाटणीचा विषय निघालाच नाही. दोघं संस्थापक जोडीने उभे राहिले आणि निमियाच्या कंसाविरुद्ध एका सुरात बोलले. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. सभासदांना मुद्दा काय तो कळला नाही, पण ही दोघं एका बाजूला आहेत एवढं कळलं, आणि त्यांनी निमियाच्या बाजूने हात वर केले. तो कंस आजही तसाच आहे. त्यावर बोलायला ही दोघं रोज अकरा वाजता एका भांड्यातला तेरेरे घेऊन बसतात, आणि निमियाचं नाव काढून मनसोक्त चरफडतात. ती गेल्यावर हे काय करणार, ही माझी खरी काळजी आहे.

आता ती जाते आहे कुठे? तर नदीपलीकडे, लानूस ज्या देशात आहे त्याच देशातल्या कोर्रिएन्तेसला. तिथेही खेड्यांत आपलीच भाषा बोलतात, आणि तिथल्या आरोग्य केंद्रांनी आपलं सॉफ्टवेअर मागितलं आहे. दुसरं कुणी जायला तयार होतं, पण निमियाने ते काम मागून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, आईला घेऊन जायचंय.

तिच्या आई, ओब्दुलियाबाई, काल लानूसहून आल्या. टर्मिनलवर घ्यायला मी गेले होते. बाईंनी मला अतिशय स्वच्छ, जपून बोललेल्या स्पॅनिशमध्ये नमस्कार केला, प्रवास कसा झाला ते सांगितलं, माझे आभार मानले. मी ग्वारानीत म्हटलं, ताई, द्या ती पिशवी इकडे. त्या थांबल्या. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, कुणी ऐकतंय का ते. टर्मिनलवर काय हो, सगळेच ऐकत होते आणि सगळेच तसंच बोलत होते. मग बाई माझ्या कानाशी आल्या आणि अगदी हलक्या आवाजात, ग्वारानीत, त्यांनी विचारलं, मोरी कुठे आहे.

तिथून सान लोरेन्सोला येईपर्यंत, बसमध्ये, त्या बोलत होत्या. काआसापाची विहीर, थोरली बहीण, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं, संत्र्यांची बाग. चढलेल्या लोकांनी माना वळवल्या तरी थांबल्या नाहीत. शेजारची म्हातारी मधेच त्यांच्याशी बोलू लागली. उतरायच्या आधी त्या मला म्हणाल्या की पोरगी परवा फोनवर लाल म्हणाली, आणि लालच ऐकू आलं. म्हणाल्या, मी स्वयंपाकघरात एकटीच होते, बाई. तिला परत एकदा म्हणायला लावलं.

डोन्या एर्मिनियांनी वेळेवर अध्यक्षपद भूषवलं आणि मला दोनदाच घड्याळ दाखवलं, त्यांचे आभार. बाहेर अंगणात मक्याचा चिपा ग्वासू भाजणाऱ्या मंडळींचे आभार. वास इथवर येतो आहे आणि माझ्या भाषणाची त्यापुढे काय पत्रास. एलिहियो आणि विल्फ्रिदो, तुमची चेष्टा केली ती तुमच्यावरच्या मायेने. राग आला असेल तर दोघांनी मिळून यावं. निमिया, तुझ्याबद्दल मी फार थोडं चांगलं बोलले, कारण तुला लगेच संशय येतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं, कुणाचं नको तितकं आलं, तर लहान बहीण समजून पोटात घाला.

आता ध्वनिक्षेपक मी ओब्दुलियाबाईंच्या हाती देते. त्या खाली तिसऱ्या रांगेत आहेत, आणि त्यांनी सकाळपासून मला बजावलंय की मी दोनच शब्द बोलेन, तेही स्पॅनिशमध्ये. मी कालच्या बसमध्ये होते, मंडळी. खुर्च्या नीट सरकवून घ्या, आणि अंगणात कुणीतरी सांगा की जेवायला उशीर होईल.